नदीकडची खोली, दोन माणसं

१

आमच्या घरात सहल आखायचं काम माझं. आमचे हे, कुनिहिको हिबिनो, अडतीस वर्षं कौलांच्या भट्टीवर मुकादम होते. साठ माणसांना एका शब्दावर नाचवायचे, पण आगगाडीचं तिकीट काढायची वेळ आली की खिडकीशी उभे राहून माझ्या तोंडाकडे बघायचे. म्हणून माझी निळी वही. गाडी कितीची, डबा कितवा, नदी कुठल्या बाजूने दिसते, जेवणाचे डबे कुठून घ्यायचे, कुठल्या स्टेशनात पायऱ्या न चढता संडास सापडतो, सगळं त्यात. लग्न होऊन नागोयात आल्यापासून चौतीस वर्षांत आमची एकही गाडी चुकलेली नाही. शेजारची फुसाए म्हणते, "मित्सुए, तुम्ही सहलीला जाता की कवायतीला?" म्हणू दे. तिचा नवरा जिवंत होता तेव्हा दोघं कायम चुकीच्या फलाटावर उभी असायची.

या एप्रिलमध्ये किसोच्या डोंगरात जायचं ठरलं. एकच रात्र. जुन्या हमरस्त्यावरचं लाकडी घरांचं गाव, तिथली जुनी सराय, दुसऱ्या दिवशी घाटातून दोन तास चालायचं आणि संध्याकाळी घरी. त्याआधी हिवाळ्यात मी सहा आठवडे तोयामाला बहिणीच्या आजारपणात काढले होते आणि हे घरी एकटेच राहिले होते. म्हटलं, आता जरा दोघांनीच कुठेतरी जाऊन यावं.

मंगळवारी सकाळी सरायीत फोन लावला. मालकीणबाईंनीच उचलला.

"हिबिनो बाई का? अहो, तुमचं आरक्षण झालंय की. शुक्रवारी दुपारी तुम्हीच नाही का फोन केलात? नदीकडची खोली, दोन माणसं, एक रात्र."

"मी नाही केला."

"असं कसं? आवाज तर तुमचाच आहे." त्या हसल्या. "आणि तुमच्या मालकांचं लोणचं बारीक चिरून द्यायला सांगितलंत, डाव्या दाढेने चावता येत नाही म्हणून. मी लिहून ठेवलंय बघा."

मी आभार मानून फोन ठेवला. वहीत सरायीच्या नावापुढे खूण करायची होती, ती केलीच नाही. माझ्या नवऱ्याची डावी दाढ दुखत होती, आणि ते मला किसोतल्या परक्या बाईकडून कळत होतं.

२

जेवायला बसल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दाढ कशी आहे?"

"बरी आहे. तू दिलेली ती घाण वासाची काळी गोळी दाबून ठेवली. दोन दिवसांत ठणका गेला."

"मी कधी दिली?"

"शुक्रवारी. तू तांदूळ धूत होतीस. पाठमोरीच म्हणालीस, डावीकडची ना, वरच्या फळीवर डबी आहे, घ्या. मी म्हटलं, हिला न सांगता कसं कळलं."

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी स्टेशनजवळच्या कापडदुकानात असते. सहाच्या आत घरी येत नाही. तसं मी यांना म्हणणार होते. पण हे सांगताना हसले, आणि ते हसणं पाहून माझ्या तोंडातला घास तसाच राहिला. तसं हसणं मी लग्नाच्या पहिल्या वर्षात पाहिलं होतं. नंतर ते कुठे गेलं, कुणी विचारलं नाही, मीही नाही.

मग मी स्वतःला समजावलं. माणूस अडुसष्टचा झाला. वार विसरतो. गोळी मी कधीतरी दिली असेल आणि मलाच आठवत नसेल. फोन कुणीतरी दुसऱ्या हिबिनोने केला असेल, नागोयात हिबिनो काय कमी आहेत? हे सगळं पटण्यासारखं होतं. पण मला ते पटलं नाही. बाई आहे, एवढंच डोक्यात बसलं. आणि ती माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून माझे तांदूळ धुते.

३

पहिला संशय फुसाएवर गेला. लपवण्यात अर्थ नाही. ती विधवा, भिंतीला भिंत लागून घर, आणि मुळ्याचं लोणचं घेऊन यायची सवय. मी सरळ तिच्या दारात गेले.

"माझ्या नावाने किसोला फोन कुणी केला?"

तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि दाराच्या चौकटीला टेकून हसत सुटली. "अगं, तुझ्या नवऱ्यावर कोण डोळा ठेवणार? भिंतीतून घोरणं ऐकू येतं मला त्यांचं. फुकट दिले तरी नको."

"मग घरात कोण येतं?"

"कोणी येत नाही. आलं असतं तर मला आधी कळलं असतं, तू ओळखतेस ना मला." हे मात्र खरं होतं. आमच्या गल्लीत मांजर आलं तरी फुसाए त्याची चौकशी करते. मग ती जरा गंभीर झाली. "आणि आता तू कशाला उगाच कुरकुर करतेस? इतकी छान राहतेस हल्ली. काल वरून पाहिलं मी, दोघं मिळून चादरी वाळत घालत होतात. ते काहीतरी म्हणाले आणि तू तोंडावर हात ठेवून हसलीस. मी मनात म्हटलं, तोयामाहून सुधारून आली बाई."

काल मंगळवार होता. काल दुपारी मी दुकानात निळ्या सुताचे गठ्ठे मोजत होते.

"माझं तोंड पाहिलंस तू?" मी विचारलं.

"पाठमोरी होतीस. पण तुझी पाठ मी ओळखणार नाही का?"

मी घरी आले. दोरीवर चादरी अजून तशाच होत्या. मी घालते तशाच, कडा खाली, चिमटे टोकांपासून चार बोटं आत. चिमट्यांची ती पद्धत मी कुणाला शिकवलेली नाही.

४

शुक्रवारी मी दुकानात पोट दुखतंय असं सांगून तीनलाच निघाले. रस्त्यात अशी भरभर चालले की एका ओळखीच्या बाईने आगबिग लागली का विचारलं. दाराची कडी आवाज न करता सरकवली. चपला हातात घेतल्या.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. नळ बंद, पण सिंकमध्ये तांदळाचं पांढरं पाणी अजून खाली जात होतं. मी तिथे उभी राहून ते पूर्ण जाईपर्यंत पाहिलं. शेवटचा गुळगुळ आवाज आला आणि घर गप्प झालं. कुणी मागच्या दाराने गेलं म्हणावं, तर मागच्या दाराला आतून खिट्टी. खिडकीला जाळी. मी कपाटंसुद्धा उघडून पाहिली. पन्नाशी उलटलेली बाई पिठाच्या डब्यामागे सवत शोधते आहे, हे माझं मलाच कळत होतं, तरी शोधत होते.

मग मागच्या खोलीत गेले. सासूबाई वारल्यापासून तिथे मी फारशी जात नाही. देवघराशेजारी चटईवर लहान ताट मांडलेलं होतं. भाताचा वाडगा, सूपाची झाकणाची वाटी, मासा, जेवायच्या काड्या व्यवस्थित आडव्या. माझाच वाडगा, हिरव्या काठाचा. वाटीला हात लावला. गरम होती.

"आलीस?" हे दारात उभे होते, अंगणातून आलेले, हाताला माती.

"हे ताट कुणाचं?"

"तुझं." जणू मी मूर्खासारखं विचारलं. "तू तोयामाला गेलीस तेव्हापासून मांडतो. आईपण मांडायची ना, बाबा गलबतावर असले की. बाहेर गेलेल्या माणसाला तिकडे उपाशी राहायला लागू नये म्हणून."

ते मला माहीत होतं. आमच्याकडे जुन्या घरांत करतात. गेलेल्या माणसाच्या नावाने वाढायचं आणि नंतर घरच्यानेच ते खायचं. यांनी माझ्यासाठी सहा आठवडे हे केलं आणि मला अवाक्षर बोलले नाहीत, हे ऐकून एरवी मी रडले असते.

"पण मी परत आले ना. मार्चमध्येच आले."

"हो." हे विचारात पडले. "सवय लागली. आणि मांडलेलं रोज संपतं. मला वाटलं, तुलाही ते आवडतंय."

"मी परत आल्यापासून या खोलीत पाय ठेवलेला नाही."

हे हसले. माझी थट्टा चालली आहे असं त्यांना वाटलं. मी तोयामाला असताना सहा आठवडे ते ताट यांनी स्वतः संपवलं होतं का, हे विचारायला माझं तोंड उघडलं होतं. मी विचारलं नाही.

मी त्या संध्याकाळी तो हिरव्या काठाचा वाडगा धुतला, कागदात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. यांना बजावलं, यापुढे या घरात परत आलेल्या माणसासाठी ताट मांडायचं नाही. एक शीतही नाही. माझ्या आवाजाने हे दचकले. "बरं," म्हणाले, आणि मागच्या खोलीकडे असं पाहिलं की मला आणखीनच राग आला.

५

त्यानंतर चार दिवस मी गोड वागून पाहिलं. खोटं कशाला बोलू, स्पर्धाच होती ती. दाढेची चौकशी केली. पाठ चोळून दिली. यांनी काही म्हटलं की तोंडावर हात ठेवून हसून पाहिलं. चौथ्या दिवशी हे माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं काही बिनसलंय का गं? वेगळीच वाटतेस."

म्हणजे ती मी, आणि मी वेगळी. रात्रभर माझ्या डोक्यात तेवढंच. चौतीस वर्षं या माणसाचे मोजे मी जोडीने लावले, त्याच्या आईचं मी केलं, त्याच्या गाड्या मी पकडून दिल्या. आणि सहा आठवड्यांची कुणीतरी येऊन पाठमोरी उभी राहते आणि हा माणूस पुन्हा नवरदेव होतो. माझी जागा जात होती, आणि तीही हसत हसत.

मग मी सापळा लावला. सहल मीच आखते ना, तो माझा प्रांत. गाडी दहाची होती, वहीत तसंच लिहिलेलं होतं. जायच्या दिवशी सकाळी यांना समोर बसवून, डोळ्यांत बघून सांगितलं, "गाडी एकची आहे. तुम्ही केस कापून या, मी दुकानात चावी देऊन परस्पर स्टेशनवर येते. एक वाजता. लक्षात ठेवा." दोनदा वदवून घेतलं. दहाची वेळ आता फक्त माझ्या वहीत होती आणि वही माझ्या पिशवीत. हे जर दहाला आले, तर सांगणारी कोण ते मला बघायचं होतं.

६

साडेनऊपासून मी फलाटावर होते. तिथे उभ्याने शेवया खायची टपरी आहे, तिच्या आडोशाला उभी राहिले. टपरीवाला दोनदा म्हणाला, "ताई, खायचं नसेल तर गिऱ्हाइकाला जागा द्या." मी एक वाडगा घेतला आणि हातात धरून राहिले.

दहाला पाच मिनिटं असताना हे आले. केस कापलेले, करडा कोट घातलेला, जो मी कितीदा सांगूनही घालत नाहीत तो. हातात दोन जेवणाचे डबे होते. चौथ्या डब्याच्या खुणेवर बरोबर उभे राहिले, न चुकता, स्वतःहून. आणि बाजूच्या खांबाकडे वळून बोलायला लागले. खांबाच्या पलीकडे कोणीतरी होतं. मला दिसत होती फक्त पिशवी, राखाडी कापडाची, मीच शिवलेली. तशी पिशवी मी एकच शिवली होती आणि ती माझ्या खांद्यावर होती.

मी वाडगा ठेवला आणि धावले. गाडी शिरली, उतरणाऱ्यांची गर्दी मध्ये आली, कुणाची तरी चाकांची बॅग पायावर आदळली. दार माझ्या समोर बंद झालं. खिडकीत हे दिसले, नदीच्या बाजूला बसलेले. पलीकडच्या माणसाला जेवणाच्या डब्याची दोरी सोडून देत होते. माझ्यासाठी यांनी कधी दोरी सोडली नाही, मीच यांची सोडते.

चौतीस वर्षांत पहिल्यांदा माझी गाडी चुकली. चुकवली कुणी, तर मीच. फलाटावर उभी राहून मी मोठ्याने शिवी दिली.

७

एकच्या गाडीने गेले. किसो-फुकुशिमाला उतरले तर बस नुकतीच गेलेली, पुढची पावणेपाचला. तेही माझ्या वहीत लिहिलेलं होतं. दोन तास बाकावर बसून मी काय काय बोलायचं ते ठरवलं. तिला काय, यांना काय. माझ्याकडे शब्दांची कमी नव्हती.

सरायीत पोचले तेव्हा सहा वाजत आले होते, उजेड अजून डोंगरावर होता. दारात पादत्राणांच्या फळीवर यांचे बूट होते. शेजारी बायकांच्या चपला, माझ्या मापाच्या, आणि उजवी टाच बाहेरच्या अंगाला झिजलेली. माझी झिजते तशी.

मालकीणबाई लगबगीने आल्या, गुडघे टेकून वाकल्या. "या, या. दमलात ना? हिबिनो बाईंनी सांगितलंच होतं, एक माणूस मागाहून येईल म्हणून."

"हिबिनो मी आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. माझा चेहरा पाहिला, मग जिन्याकडे पाहिलं, आणि त्यानंतर परत माझ्याकडे पाहिलंच नाही. "ताट तयार आहे," एवढंच खाली बघत म्हणाल्या आणि पुढे चालायला लागल्या. मी मागे गेले. भांडायला आलेली मी, पण त्या इतक्या घाबरल्या होत्या की मला त्यांच्यासमोर आवाज चढवता येईना.

नदीकडच्या खोलीला लागून एक लहान खोली होती. मध्ये कागदी सरकतं दार. मालकीणबाईंनी मला आत बसवलं आणि जवळजवळ पळतच गेल्या. चटईवर एक ताट होतं. दाराच्या पलीकडे पाण्याचा आवाज, त्यात वाट्यांचा आवाज, आणि त्यात यांचं हसणं.

दार बोटभर उघडं होतं. मी वाकून डोळा लावला.

हे माझ्याकडे तोंड करून बसले होते, उजेडात, लाल झालेले, खूश. ती पाठमोरी. केस माझ्यासारखे वर बांधलेले. माशाचे काटे काढून यांच्या ताटलीत ठेवत होती. मानेवर, केसांच्या खाली, एक तीळ होता. माझ्या मानेवर तीळ आहे की नाही, मला माहीत नाही. स्वतःची मान कोण बघतं? ज्याला माहीत असणार तो माणूस तिच्यासमोर बसला होता, आणि त्याला काही वावगं वाटत नव्हतं. मी पाहत असताना ती थांबली. मान थोडी वळली, ऐकत असल्यासारखी. गालाची कड दिसेल एवढी वळली आणि तिथेच राहिली. मी दारापासून मागे झाले.

"तिचं ताट वाढलं का?" यांचा आवाज आला.

"वाढलंय." बाईचा आवाज हळू होता. स्वतःचा आवाज बाहेरून कसा येतो ते मला ठाऊक नाही.

"गरम आहे ना? ती बिचारी घरी एकटी असेल. ती कधी सांगत नाही, तिला काय हवं असतं ते."

इतक्या मायेने हे कुणाबद्दल बोलले नव्हते. घरी राहिलेल्या त्या बाईचा मला फार हेवा वाटला. ती बाई मीच आहे, हे कळायला थोडा वेळ लागला.

माझा हात दाराच्या खाचेत होता. नुसतं सरकवायचं होतं. पण सरकवलं असतं तर आम्ही दोघी यांच्यासमोर उभ्या राहिलो असतो, आणि यांना दोघींकडे बघून एकीला 'ये' म्हणावं लागलं असतं. ते कुणाला म्हणतील, हे मला माहीत होतं.

मी हात काढला आणि ताटासमोर बसले. झाकणं उचलली. मासा मिठात भाजलेला, शेपटीकडे करपवलेला, मला आवडतो तसा. लोणच्यात काकडी नव्हती. मला काकडी चालत नाही. सासरी आल्या दिवसापासून मी ती न चावता गिळत आले, आणि ते माझ्या बहिणीलाही माहीत नाही. मी तिचा वाडगा कागदात गुंडाळून माळ्यावर टाकला होता. तिने माझ्यासाठी काकडी वेचून काढली होती.

पलीकडे हे म्हणाले, "उद्या घरी गेल्यावरही मांडत जाऊ आपण. मागच्या खोलीत."

"मांडू," ती म्हणाली.

मला फार भूक लागली होती. मी काड्या उचलल्या आणि आवाज न करता जेवले. एक शीतसुद्धा ठेवलं नाही.